मी भंडारा उचलला नाही

शेताची मोजणी म्हणजे काय, हे ज्याला शेत नाही त्याला सांगणं अवघड आणि ज्याला आहे त्याला सांगणं त्याहून अवघड. ज्याला नाही त्याला वाटतं, टेप धरला, खुणा केल्या, संपलं. ज्याला आहे त्याला वाटतं, मोजणीवाला शेजाऱ्याच्या घरी जेवून आलाय. मी तेहतीस वर्षं भूकरमापक होतो, बहुतेक नांदेड जिल्ह्यात आणि मधली काही वर्षं लातूरकडे. सुरुवातीला साखळी ओढली, मग फळीवर कागद लावून दुर्बिणीतून रेघा मारल्या, तिवईवरचं इलेक्ट्रॉनिक मशीन चालवलं आणि शेवटी शेवटी उपग्रहाशी बोलणारा दांडाही काळ्या रानात उभा केला. यंत्रं बदलत गेली. धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांतला संशय मात्र पहिल्या दिवशी होता तेवढाच शेवटच्या दिवशी होता.

धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. दर पेरणीला शेजाऱ्याने जरा आत घुसून नांगरलं की दहा-बारा वर्षांत धुरा दोन हात सरकतो आणि मग आम्हाला बोलावणं येतं. आम्ही जुना नकाशा काढतो, शिवारात निजामाच्या काळापासून रोवलेले दगड शोधतो आणि त्यांच्यावरून माप धरून खरी हद्द कुठे होती ते काढतो. असे निदान दोन पक्के दगड सापडले पाहिजेत. एकाच दगडावर विसंबायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मला माझ्याच तोंडावर मारून घ्यायचंय.

हद्द निघाली की दोघांपैकी एकाचं तोंड पडतं. तो म्हणतो, साहेब विकला गेला. अशा वेळी आमच्या भागातल्या कितीतरी गावांत एक रीत होती, अजूनही असेल. कुणीतरी घरून ताट घेऊन यायचं. ताटात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. "साहेब, उचला भंडारा अन् म्हणा की कोणाचं खाल्लं न्हाई अन् मोजणी खरी हाय." भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, ही तिथली श्रद्धा. साहेबाने उचलला की भांडण मिटलं. कोर्टाच्या निकालाला जी किंमत नाही, ती त्या चिमूटभर हळदीला होती.

माझी अडचण एवढीच की मी ख्रिस्ती आहे.

माझे वडील योहान शिंदे लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत शिपाई होते. ते सगळ्या गावाला "जय ख्रिस्त" म्हणायचे. गावचे पाटील त्यांना "राम राम, योहान" म्हणायचे. दोघांचं हे चाळीस वर्षं बिनबोभाट चाललं. पाटलांच्या घरच्या लग्नात वडील पंगतीत वाढायला असत आणि नाताळात पाटील आमच्या अंगणात खुर्ची टाकून करंज्या खात. एवढं बघून वाढलेल्या मुलाने लपायचं काही कारण नव्हतं. पण मी शिकलेला, मला जास्त अक्कल.

माझं नाव इम्मानुएल. नोकरीला लागल्यावर मी ई. वाय. शिंदे झालो. शिंदे आडनाव सोयीचं आहे. समोरचा त्याला जे समजायचं ते समजतो, आणि मी समजू दिलं. कुणी विचारलं, ई म्हणजे काय हो? मी सांगायचो, ईश्वर. रविवारी चर्चला जायचं असलं की ऑफिसात "पाव्हण्यांकडे काम आहे" म्हणायचो. माझी बायको सुनंदा, तिच्या मंगळसूत्राच्या वाट्यांमध्ये एक छोटा सोन्याचा क्रूस आहे. ऑफिसातल्या कुणाच्या घरी कार्यक्रमाला निघालो की मी दारातच म्हणायचो, "ते जरा पदराखाली घे." ती घ्यायची. बोलायची काही नाही. ते न बोलणं मला तेव्हा समजूतदारपणा वाटायचा.

कुणी मला धमकावलं होतं म्हणून मी गप होतो, असं सांगितलं तर कथा चांगली होईल, पण ते खरं नाही. आमच्याच ऑफिसात शेखसाहेब होते. ते निमतानदार, म्हणजे आम्ही केलेल्या मोजणीवर तक्रार आली की फेरमोजणी करणारे. शुक्रवारी दुपारी मशीन शेताच्या कडेला झाकून ठेवायचे, रुमाल अंथरून नमाज पढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. त्यांच्यापुढे भंडाऱ्याचं ताट कधी आलं नाही. लोक त्यांना म्हणायचे, "शेखसाब, तुमच्या इमानाला स्मरून सांगा." ते छातीवर हात ठेवून सांगायचे. झालं. त्यांना जे जमत होतं ते मला जमलं नाही, कारण मी कोण आहे हे मीच कुणाला कळू दिलं नव्हतं.

पहिल्यांदा भंडारा उचलला तो अर्धापूरला, केळीच्या बागेत. केळीच्या बागेतली मोजणी म्हणजे मोठं संकट. दुर्बिणीला पलीकडचं काही दिसत नाही आणि मधलं पान कापा म्हटलं की मालक पोटच्या पोरावर विळा चालवल्यासारखं तोंड करतो. दिवसभर चिखलात फिरून हद्द काढली, तर बागेचे म्हातारे मालक ताट घेऊन समोर उभे. मी घामाघूम झालो. हात पुढे केला, हळद उचलली, म्हणायचं ते म्हटलं. मोजणी खरीच होती, कुणाचं खाल्लंही नव्हतं. मग बिघडलं काय, असं मी मनाला विचारलं आणि मनाने काही बिघडलं नाही असं सांगितलं. त्या म्हाताऱ्यांनी प्रेमाने केळीचा एक आख्खा घड मोटरसायकलला बांधून दिला. तो मी वाटेत दोघांना वाटून टाकला, घरी नेला नाही.

पुढे मात्र सरावलो. सरावलो कसला, पटाईत झालो. डोळे मिटायचे, जरा थांबायचं, हळद कपाळाला लावायची आणि मग खालच्या आवाजात बोलायचं. लोक हात जोडायचे. ऑफिसात माझी ख्याती झाली. भांडणाची मोजणी आली की साहेब म्हणायचे, "शिंदेंना पाठवा, त्यांनी भंडारा उचलला की दोन्ही पार्ट्या गार." मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटायचा, हे लिहायलाच हवं.

माझ्या निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. बिलोली तालुक्यातल्या एका गावात गंगाबाई नावाच्या विधवा बाईंनी मोजणी मागितली होती. शेजारचं शेत त्यांचे दीर माधवराव यांचं. धुरा कुठे, यावर दोघा भावांचं पूर्वीच भांडण झालं होतं. तेव्हा गंगाबाईंच्या नवऱ्याने पंचांसमोर भंडारा उचलून सांगितलं होतं की हद्द बाभळीच्या बुंध्यापासून जाते. माधवराव म्हणत होते, बाभळीच्या अलीकडून, गंगाबाईंच्या शेतातून जाते. त्यानंतर वर्षाच्या आत गंगाबाईंचा नवरा वारला. चालता-बोलता माणूस, शेतात पडला आणि गेला. मग गावाने काय म्हणायचं ते म्हटलंच. खोटा भंडारा उचलला, देवाने नेला.

मी सकाळी गेलो तेव्हा गंगाबाई आधीच धुऱ्यावर येऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हडकुळ्या, डोक्यावरून पदर. शेजारी झाकलेलं ताट. माधवराव आणि पंच जरा पलीकडे उभे होते. मी मशीन लावायच्या आधीच त्या म्हणाल्या, "साहेब, आधी भंडारा उचला. मग मोजा."

"बाई, तो नंतर उचलतात."

"मला आधी पाहिजे. मला जिमिनीचं लई न्हाई, साहेब. हात-दीड हातानं मी का मोठी होऊन राहिले? मला एवढंच पाहिजे की माझे मालक खोटं बोलले का खरं. गाव म्हणतंय, खोट्या भंडाऱ्यानं गेले. चार वर्सं झाली, मी त्यांच्या फोटोला हात जोडते अन् मनात येतंय, खरंच असंल का? तुमच्या भंडाऱ्याचं लई ऐकलं मी. तुम्ही उचलून सांगा, मग मी मानीन."

त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. ताट कपाळाला लावलं आणि उठून माझ्यापुढे धरलं. हळदीला असं भिणारं, असं मानणारं माणूस मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याची सगळी अब्रू त्या चिमटीत होती. आणि मी त्या हळदीशी काय करणार होतो? डोळे मिटणार, जरा थांबणार, खालच्या आवाजात बोलणार. मला माझीच किळस आली. माझ्या देवाला मी नाकारत होतो हे एक झालंच, पण त्यांच्या देवाचाही मी इतकी वर्षं खेळ केला होता.

मी हात मागे घेतला. म्हणालो, "बाई, मी भंडारा उचलणार नाही. मी ख्रिस्ती आहे. येशूला मानणारा. ही हळद तुमच्या हातात देव आहे, माझ्या हातात ती नुसती हळद राहते. इतकी वर्षं उचलली ते चुकलं. तुमच्यापुढे ते करवत नाही."

पंच एकमेकांकडे बघू लागले. गंगाबाईंना काही कळेना, त्या ताट तसंच धरून उभ्या होत्या. माधवरावांना मात्र सगळं बरोबर कळलं. मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते पुढे आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मग मागल्या साली काय उचललं तुम्ही?" ते म्हणाले. "नाल्याकडची माझी खालची जिमीन मोजली. मी वरडून वरडून सांगून राहिलो की दगड चुकला. तुम्ही भंडारा उचलला. मी गप बसलो. देवाम्होरं काय बोलावं म्हणून गप बसलो, साहेब! सांगा की, काय उचललं तेव्हा?"

खालची मोजणी मला आठवत होती. ओरडा झाला होता, ऊन डोक्यावर होतं, मी ताट मागवलं होतं. हो, त्या दिवशी ताट मीच मागवलं होतं.

मोजणी बंद पडली. दुसऱ्या दिवशी माधवरावांनी नाल्याकडचा मी रोवलेला दगड उपटला आणि ऑफिसात तक्रार दिली की मोजणीवाल्याने देवाची चेष्टा केली. साहेबांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त टेबल रिकामं हवं होतं. म्हणाले, "शिंदे, तुमचा धर्म तुमच्या घरी. कशाला काढलं ते? गावात जा, म्हणा तब्येत बरी नव्हती, डोकं फिरलं होतं. एकदा उचला आणि मिटवा."

"साहेब, त्या दिवशी डोकं पहिल्यांदा ठिकाणावर होतं," मी म्हणालो. "आता उचलणार नाही. त्यांच्या खालच्या जमिनीची फेरमोजणी लावा. माझा नकाशा शेखसाहेबांना दाखवू नका. जे निघेल ते निघेल, मी तिथे हजर राहीन."

घरी आलो. सुनंदाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, निवृत्तीला आलेला माणूस आणि ही कसली हौस, असं काही ऐकावं लागेल. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आता क्रूस पदराबाहेर राहू दे ना?" मी मान हलवली. ती उठून आत गेली. मी तिच्या मागे जायचं धाडस केलं नाही.

त्याच आठवड्यात मी टेबलावरची पाटी बदलून घेतली. इम्मानुएल योहान शिंदे. पाटीवर जेमतेम मावलं. ऑफिसात दोघं-तिघं चार दिवस जपून बोलले, पाचव्या दिवशी शिपायाने विचारलं, "साहेब, मग नाताळाला आम्हाला बोलवत का न्हाई?" इतकी वर्षं ज्याची भीती घेऊन बसलो होतो ते एवढंच निघालं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. दोन गावांतून "हा साहेब नको" असे अर्जही आले, आणि ते मला लागले.

फेरमोजणीच्या दिवशी मी गावात गेलो. निम्मं गाव नाल्याकडे जमलेलं. शेखसाहेब माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत, फेरमोजणीत बोलायचं नसतंच. त्यांनी मशीन लावलं. मी ज्या जुन्या दगडावरून माप धरलं होतं तो त्यांनी घेतला, मग लांब चढावर जाऊन दुसरा जुना दगड उकरून काढला, तिसरा शोधला. दुपारपर्यंत चाललं. माझी हद्द तीन फूट चुकली होती. नाल्याच्या पाण्याने मी धरलेला तो जुना दगड कधीतरी सरकलेला होता आणि मी दुसऱ्या दगडाचा पडताळा घेतला नव्हता.

का घेतला नव्हता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. माधवराव ओरडत होते तेव्हा कुठल्याही नवशिक्याने केलं असतं ते मी करायला हवं होतं. चढावर जायचं, दुसरा दगड शोधायचा. मी त्याऐवजी ताट मागवलं. भंडारा उचलला की समोरचा गप होतो, हे मला पाठ झालं होतं. ज्या माणसाचं बरोबर होतं त्याचं तोंड मी त्याच्याच देवाने बंद केलं होतं.

शेखसाहेबांनी आकडा वाचून दाखवला. ते हळू आवाजात म्हणाले, "शिंदेसाब, दगड पाण्यानं सरकला असं लिहितो मी. ते खोटं नाही."

"ते लिहा," मी म्हणालो, "पण पडताळा घेतला नाही, हेही लिहा."

मग मी माधवरावांपुढे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "चूक माझी. तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं. मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. मला माफ करा." त्यांनी माफ केलं का, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी डोक्यावरचं उपरणं झटकलं, पुन्हा बांधलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मला ऑफिसातून लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. बाकीच्या गावांतल्या माझ्या मोजण्या आठवून आठवून मी तपासल्या, संशय आला तिथे स्वतः कळवलं. तरी एखादं शेत राहिलंच असेल, एखादा माधवराव गप बसलाच असेल. याला माझ्याकडे उपाय नाही.

गंगाबाईंची मोजणी राहिली होती. साहेबांनी त्यांना विचारलं, शेखसाहेब चालतील का? त्या म्हणे बिलोलीला ऑफिसात येऊन म्हणाल्या, "ते चुकलेले साहेबच धाडा." हे ऐकून मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण आता जे निघेल ते मलाच त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार होतं, आणि बाभळीच्या अलीकडून हद्द निघाली असती तर?

त्या सकाळी घरून निघताना मी आणि सुनंदाने प्रार्थना केली. हद्द कुठे निघावी हे मागितलं नाही. ते आमचं काम नाही. मला माझा आवाज साधा ठेवता यावा एवढं मागितलं.

गंगाबाई धुऱ्यावर होत्या. ताट होतं, पण या वेळी ते त्यांनी आपल्या मांडीशी ठेवलेलं. मी तिवई रोवत असताना त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्यात काय उचलतेत?"

"काही उचलत नाहीत. हो असेल तर हो म्हणायचं, नाही असेल तर नाही."

"अन् खोटं बोललं तर?"

"तर देव बघतो. तुमचा जसा बघतो तसाच."

त्यांनी मान हलवली. माधवराव पलीकडे लिंबाखाली बसले होते, उठून जवळ आले नाहीत. मी पहिला दगड घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग चौथाही शोधला, ज्याची गरज नव्हती. पंचांपैकी एकजण कंटाळून म्हणाला, "साहेब, किती वेळा मोजून राहिले?" मी म्हणालो, "बसा. आज वेळ आहे." मला स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून त्या दिवशीइतकी चोख मोजणी मी उभ्या नोकरीत केली नसेल.

तिसऱ्या प्रहरी शेवटचं माप आलं. कामगाराने पहार मारून खूण केली. खूण बाभळीच्या बुंध्याला लागून पडली. बाभूळ मधल्या काळात कुणीतरी तोडली होती, पण बुंधा होता. मी माधवरावांना हाक मारली. ते आले, खूण बघितली, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही शंका असेल तर आत्ता बोला. परत मोजतो. फेरमोजणीही मागता येईल." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "चार दगडं घेतली तुम्ही. म्या मोजून राहिलो व्हतो." आणि सही करून निघून गेले.

गंगाबाई उठून बुंध्यापाशी आल्या. खाली बसल्या. बुंध्यावरून हात फिरवला, खुणेवरून फिरवला. मग वर बघून म्हणाल्या, "साहेब, म्हणजे हे खरं बोलले व्हते?"

माझ्या हातात बेल नव्हता, भंडारा नव्हता. मातीने भरलेले हात मी कुठे ठेवावेत हेही मला सुचत नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ताट ओढून घेतलं, चिमूटभर हळद त्या बुंध्याला लावली आणि नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्याने रडल्या.